कार्डाच्या पाठीवरचं हळदीचं बोट

मी डूख धरते. नागपूरला शाळेत असताना शेजारच्या मुलीने माझी चित्रकलेची वही लपवली होती. पुढे तिच्या लग्नात मी पंगतीला बसून जेवले, जिलबी दोनदा घेतली, पण नवरानवरीच्या फोटोत काही उभी राहिले नाही. आई म्हणायची, हिच्या वाटेला जाऊ नका रे, ही विसरत नाही. माझ्या नवऱ्याला हे लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. आता तो आपल्या मित्रांना सांगतो, पण ज्या एकाला सांगायला हवं होतं त्याला सांगायचं राहून गेलं.

तो एक म्हणजे आमचे भावजी. नवऱ्याच्या कॉलेजातले, त्याला दोन वर्षं सीनियर, आणि आमच्या कितीतरी आधी अमेरिकेत येऊन नेपरव्हिलला घर घेतलेले. आम्ही शिकागोच्या विमानतळावर उतरलो ते जानेवारीत. मी अंगावर पुण्यात घेतलेलं स्वेटर घालून आलेली, आणि बाहेर बर्फाचे ढीग. भावजी माझ्यासाठी जाड कोट घेऊन आले होते. त्यांच्या घरी आठ दिवस राहिलो, त्यांच्या बायकोने गरम गरम पिठलं-भात खाऊ घातला, घर शोधून दिलं, गाडी चालवायला शिकवलं. हे सगळं मी मुद्दाम आधी सांगते. खाल्ल्या मिठाला मी जागते, पण मीठ खाऊ घातलं म्हणून कोणाला केसाने गळा कापायची परवानगी मिळत नाही.

घर भाड्याने घेतलं त्याच्या शेजारी एक गोरी म्हातारी एकटी राहायची. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करता येत नाही, त्यामुळे दिवसभर मी खिडकीशी आणि ती तिच्या खिडकीशी. एकदा तिच्या दारातला बर्फ मी ओढून टाकला. तिने मला कॉफी प्यायला आत बोलावलं. इथली रीत नावाने हाक मारायची, पण ऐंशीच्या बाईला नावाने हाक मारताना माझी जीभ अडखळायची. मी तिला आजी म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर तिला तो शब्द इतका आवडला की पोस्टमनलाही तिने सांगून टाकलं.

उन्हाळा आला तसे आम्ही तिच्या ओट्यावर बसून रेडिओवर बेसबॉल ऐकायला लागलो. तिने मला खेळ शिकवला, मी तिला कैरीचं पन्हं. मग एक दिवस तिने वरच्या खोलीतून एक खोकं आणलं. तिच्या वारलेल्या नवऱ्याची कार्डं. तो लहान होता तेव्हा च्युइंगमच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची कार्डं मिळायची. पुढच्या बाजूला खेळाडूचं रंगीत चित्र, मागच्या बाजूला त्याची माहिती आणि नंबर. एका वर्षाची सगळी कार्डं मिळून एक सेट. एकोणीसशे पन्नासच्या दशकातला तो सेट चारशेहून जास्त कार्डांचा, जाणकारांच्या तोंडी अजून असलेला. शेवटच्या नंबरांची कार्डं हंगाम संपता संपता दुकानात आली, तोवर पोरांचं लक्ष दुसऱ्या खेळाकडे गेलेलं, म्हणून ती फारशी कोणी घेतलीच नाहीत आणि आज मिळता मिळत नाहीत. आजीच्या नवऱ्याने पोरवयात सुरू केलेला सेट म्हातारपणापर्यंत भरत आणला आणि थोडी कार्डं राहिली असताना तो गेला.

"शेवटच्या आठवड्यात तो दुखण्याबद्दल बोलला नाही, कार्डांबद्दल बोलला," आजी म्हणाली. "मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आपणच पुरा करून टाकावा."

तिने 'आपण' म्हटलं आणि मी त्यात सापडले. पुढची काही वर्षं आम्ही दोघी कार्डांच्या बाजारांना जायचो. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, टेबलांमागे टोप्या घातलेले पुरुष. एक नव्वदीकडे झुकलेली बाई आणि एक कुंकू लावलेली बाई बघून ते हमखास विचारायचे, नवऱ्यासाठी घेताय का? आजी म्हणायची, हो, तो मेलाय, घाई नाही. मी मात्र नजर तयार करत गेले. भिंगातून रंगाचे ठिपके कसे दिसतात, जुन्या पुठ्ठ्याचा वास कसा येतो, कोपरे बोटाला कसे लागतात. एक एक करत सगळी कार्डं जमली आणि एकच उरलं.

ते कोणा मोठ्या खेळाडूचं नव्हतं. एक कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, फारसा न खेळलेला, डोक्यावर मास्क सरकवून हसत उभा. त्याच्यासाठी आम्ही आयोवापर्यंत गाडी नेली. मक्याची शेतं संपता संपेनात, आणि मग एका लहानशा गावात जुन्या वस्तूंचं दुकान. तिथल्या दुकानदाराने कार्ड कपाटातून नाही, शर्टाच्या खिशातून काढलं. चित्र थोडं उजवीकडे सरकून छापलेलं, त्यामुळे डावीकडची पांढरी पट्टी रुंद. वरच्या कोपऱ्याला नखाएवढी मोड. येताना आजीने ते दोन्ही हातांत धरून ठेवलं आणि वाटेत चहालाही उतरू दिलं नाही.

ते दिवस नवरात्राचे होते. दसऱ्याला मी दरवर्षीसारखी पूजा मांडली. पुस्तकं, लॅपटॉप, गाडीची किल्ली, स्वयंपाकघरातली सुरी. आजी बघायला येऊन बसली होती, आणि कार्ड तिने हौसेने पाटावर ठेवलं. मी मंत्र पुटपुटत एकेका वस्तूला हळद-कुंकू लावत आले. कार्ड उचललं, चित्राला नको म्हणून उलटं केलं, आणि पाठीवर खालच्या कोपऱ्यात हळदीचं बोट टेकवलं. कुंकवात बोट बुडवलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. या कार्डांना लोक हात लावण्याआधी हात धुऊन पुसून घेतात. साठ-सत्तर वर्षं जपलेल्या पुठ्ठ्यावर मी हळद लावली होती. हातानं आधी केलं आणि अक्कल मागून आली.

मला रडूच फुटलं. आजीने विचारलं, हे कशासाठी लावतात? मी म्हटलं, ज्या वस्तूवर आपलं पोट किंवा जीव असतो, तिचा मान म्हणून. ती म्हणाली, "मग बरोबर जागी लागलंय. लाल का थांबवलंस?" मी काही लाल लावलं नाही. तो पिवळा ठिपका तेवढा राहिला, तुरीच्या डाळीएवढा.

आता भावजींकडे येते. त्यांनाही हा नाद होता. त्यांच्या तळघरात म्हणजे बेसमेंटमध्ये मोठा टीव्ही, छोटा बार आणि भिंतीवर कार्डं. आमचा सेट पुरा झाल्याचं नवऱ्याने त्यांना फोनवर कौतुकाने सांगितलं. दुसऱ्याच शनिवारी ते आले. पाहिलं, पाहिलं, आणि नाकाने कांदे सोलत म्हणाले, "वहिनी, तुमचं कौतुक आहे हं. पण हा कॅचर मला जरा डाउटफुल वाटतो. रिप्रिंट खूप फिरतात मार्केटमध्ये. मी पुढच्या आठवड्यात माझा एक लॉट ग्रेडिंगला पाठवतोय. त्यात टाकून देतो, मनाला शांती."

कार्डं तपासून, दर्जा ठरवून, पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देणारे लोक असतात. मी तोवर कधी काही तपासायला पाठवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या हळदीने माझा आत्मविश्वास गेला होता. भावजींनी पाठीवरचा ठिपका पाहिला तेव्हा हसून म्हणाले, "यार वहिनी, तुम्ही पण ना!" आणि मी शरमून कार्ड देऊन टाकलं. विश्वास पानिपतात गेला असं आपण नुसतं म्हणतो, ठेवायचा तिथे ठेवतोच.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "सॉरी वहिनी. फेक निघालं. आणि फेक असलं की ते परत पाठवत नाहीत, डिस्ट्रॉय करतात. पॉलिसी आहे त्यांची."

ते आजीला मी सांगायला गेले. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि हात पुसले. मग आयोवाच्या त्या दुकानदाराला तिने अशा शिव्या घातल्या की तिच्या तोंडून त्या येतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मीही मराठीतून भर घातली. पुढे कधीही रेडिओवर आयोवाचं नाव आलं की आम्ही दोघी त्या माणसाच्या नावाने बोटं मोडायचो. तो बिचारा त्याच्या दुकानात बसून कोणाला तरी जुना दिवा विकत असेल.

तसलं दुसरं कार्ड आम्हाला मिळालं नाही. आजीचे गुडघे गेले, घर विकलं, आणि ती गावातच वृद्धांच्या निवासात राहायला गेली. जाताना सगळा सेट तिने माझ्याकडे दिला. वह्यांमध्ये प्लॅस्टिकच्या कप्प्यांत एकेक कार्ड, आणि शेवटून थोडं आधी एक कप्पा रिकामा. "मिळालं तर मी जायच्या आधी मला सांग," ती म्हणाली. हसली, पण तिला काय म्हणायचं होतं ते कळत होतं. तिचं जाण्याचं वय होतं, आणि तो कप्पा भरलेला तिला बघायचा होता. त्यापलीकडे तिला या जगाकडून काही नको होतं.

मनात पाल चुकचुकली ती एका बाजारात. एका टेबलावर एक माणूस त्याचं खोटं निघालेलं कार्ड दाखवून कुरकुर करत होता. मी विचारलं, तुला परत कसं मिळालं, ते तर नष्ट करतात ना? तो म्हणाला, कोण म्हणतं? माझी वस्तू आहे, परतच पाठवतात. मी तिथेच खुर्ची ओढून बसले. टेबलामागच्या माणसाने पाणी दिलं. मी ते प्यायले आणि त्या क्षणापासून मला भावजींचा चेहरा डोळ्यांपुढून हलवता येईना.

तरी नवरा म्हणत होता, "अगं, चुकून बोलला असेल. प्रूफ काय आहे? उगाच शिळ्या कढीला ऊत आणू नकोस." पुराव्यासाठी मला गणपतीपर्यंत थांबावं लागलं.

भावजींकडे गणपतीला निम्मं नेपरव्हिल येतं. त्या वर्षी बेसमेंट नवीन करून घेतलेलं. आरती झाली, आणि मोदकांच्या ताटल्या घेऊन सगळे खाली उतरले. समोरच्या भिंतीवर एक सुबक काळी चौकट, वर पितळी दिवा, आणि त्या दिव्याखाली माझा कॅचर. डावीकडची रुंद पट्टी. वरच्या कोपऱ्याची मोड. मास्क सरकवून माझ्याकडे बघून हसतोय.

"ओहायोला एका ऑक्शनमध्ये मिळालं," भावजी कोणाला तरी सांगत होते. "काय सांगू, आयुष्यभर शोधत होतो."

माझ्या हातातली ताटली मी खाली ठेवली, कारण ती कोणावर तरी गेली असती. अंगाची नुसती लाही होत होती. चौकट भिंतीला पक्की ठोकलेली, त्यामुळे पाठ दिसायचा प्रश्नच नव्हता. मी भावजींना म्हटलं, छान आहे हो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि क्षणभर का होईना चोराच्या मनातलं चांदणं मला स्वच्छ दिसलं. मग त्यांनी मला आणखी एक मोदक वाढायला बायकोला सांगितलं.

घरी येताना गाडीत मी नवऱ्याला म्हटलं, मी ह्याचं उट्टं काढणार. तो म्हणाला, हळू चालव.

भांडून काही झालं नसतं. तसली कार्डं आणखीही असतात, पट्टी आणखीही कुणाची रुंद असते. हळदीचा ठिपका मात्र या एकाच्याच पाठीवर असणार होता. तो चार लोकांसमोर यायला हवा होता, आणि तोही त्यांच्याच हाताने. मी त्या वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या समितीवर होते. दसऱ्याच्या कार्यक्रमाला काहीतरी नवीन हवं होतं. मी सुचवलं, 'आमचे छंद' असं प्रदर्शन भरवू या. सगळ्यांनी मान डोलावली. भावजींना फोन मीच केला. "भावजी, तुमच्या त्या कॅचरशिवाय प्रदर्शनाला शोभा नाही. आणि छंदावर दोन शब्द तुम्हीच बोला." माणसाला पाडायला नेहमी ढकलावंच लागतं असं नाही, स्टेजवर चढवलं तरी पुरतं.

शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलं होतं. कोणी नाणी आणली, कोणी बोन्साय, एका काकूंनी विणलेल्या बाहुल्या. भावजींनी कार्ड डबीसकट स्वतः आणलं, माझ्या टेबलावर काळ्या मखमलीला टेकवून उभं केलं, आणि मला बजावलं, "कोणाला हात लावू देऊ नका हं वहिनी." मी म्हटलं, जीव गेला तरी देणार नाही.

ते स्टेजवर गेले. मी पिशवीतून घरचा आरसा काढला, मखमल बाजूला सारली आणि आरसा कार्डामागे उभा केला. मग वाकून आरशात पाहिलं.

ठिपका लाल होता.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती अशी. मी पिवळा लावला होता. पिवळाच, हे मला आणि आजीला पक्कं माहीत होतं. कोपरा तोच, आकार तोच, पण रंग तांबूस लाल, कडेला पुसट पसरलेला. म्हणजे हे माझं नव्हे? एवढी वर्षं, एवढा जळफळाट, आणि हे दुसरंच कोणाचं तरी कार्ड? स्टेजवर भावजी छंद माणसाला प्रामाणिक बनवतो वगैरे बोलत होते. मी आरसा काढून घ्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात त्यांची बायको साडी सावरत टेबलाशी आली. तिच्यासोबत बाहुल्यांवाल्या काकू आणि आणखी दोघीतिघी. नवऱ्याचं कार्ड कौतुकाने दाखवायला ती त्यांना घेऊन आली होती. तिने आरशात डोकावलं आणि म्हणाली, "अगंबाई, हा हळदीचा डाग गं! आणि याला साबण कोणी लावला? साबण लागला की हळद अशी लाल होते. माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथचं असंच झालंय."

"हो ना," काकू म्हणाल्या. "हळद आधी उन्हात वाळवायची. साबण लावला की संपलं. कुठल्या वेड्याने धुतलं हे?"

माझ्या डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं. ठिपक्यामुळे दर्जा उतरणार, म्हणून तपासायला पाठवण्याआधी भावजींनी तो साबणाने पुसायचा प्रयत्न केला होता. जन्मात एक टॉवेल न धुतलेला माणूस! चोरी त्याने पचवली असती. धुणं त्याला जमलं नाही.

"डबीच्या चिठ्ठीवर पण लिहिलंय बघा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच शांत वाटला. "पाठीवर डाग. त्या तपासणाऱ्यांना हळद काय माहीत."

"पण ओहायोच्या ऑक्शनमधल्या कार्डाला हळद कशी लागली?" काकूंनी विचारलं. काकू निवृत्त शिक्षिका. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत त्या हलत नाहीत.

"मी लावली," मी म्हटलं. "दसऱ्याला. माझ्या घरी."

भावजींच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग आरशात. मग स्टेजकडे, जिथे तिच्या नवऱ्याला शाल पांघरत होते. तिला सगळं कळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी तिच्याकडे बघू शकले नाही. पिठलं-भात तिने वाढला होता.

भावजी शाल घेऊनच टेबलाकडे आले. बायकांचा घोळका बघून हसत होते, आणि मग आरसा दिसला.

"भावजी," मी म्हटलं, मुद्दाम स्टेजपर्यंत ऐकू जाईल असं, "हे तर नष्ट केलं होतं ना?"

"वहिनी, आपण हे घरी बोलू."

"घरी तर तुम्ही नेलंत."

"ते... गम स्टेन आहे. च्युइंगमचा. जुन्या कार्डांना असतो."

"च्युइंगम लाल होत नाही साबणाने," त्यांची बायको म्हणाली. तिचा आवाज इतका खाली होता की ऐकायला सगळे पुढे झुकले. भावजींचं पितळ त्यांच्याच घरच्या माणसाने उघडं पाडलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आतून, पोटातून बरं वाटलं. एवढं बरं मला नोकरीची परवानगी मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बेल वाजवली. हातात रुमालात गुंडाळलेली डबी. आत आली नाही.

"मला आधी सांगायचं होतंस तू," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर कशाला?"

"आधी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

तिने डबी माझ्या हातात दिली. "नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्यांना माफी मागायची आहे. काय करू सांग."

मी रात्रभर त्याचाच विचार केलेला होता. "माफी नको. ती चौकट भिंतीवर आहे तशीच राहू दे. रिकामी. दिव्यासकट."

मला वाटलं ती दार आपटून निघून जाईल. तिने साडीचा पदर खांद्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "राहील."

मी तशीच आजीकडे गेले, कार्ड आणि वही घेऊन. तिची नजर फार अधू झाली होती. डबी हातात दिल्यावर तिने ती नाकाजवळ धरली, बाजूला केली, आणि पहिलं वाक्य म्हणाली, "म्हणजे आयोवाचा तो माणूस खरा होता."

"खरा होता."

"बापरे. एवढ्या शिव्या. वर गेल्यावर आधी त्याला शोधावं लागेल." मग तिने मला डबी फोडायला सांगितली. तिच्या नवऱ्याचं एकही कार्ड प्लॅस्टिकच्या पेटीत बंद नव्हतं, मग हेच का असावं? तिथल्या सुतारकामाच्या खोलीतून पक्कड मागून आणली आणि कडेने डबी फोडली. कार्ड उलटं करून मी तिला लाल ठिपक्याची गोष्ट सांगितली. कुंकू तरी दुसरं काय असतं, हळदीला चुना लावूनच करतात, हेही सांगितलं. ती हसायला लागली ती थांबेना, नर्स डोकावून गेली.

"लाल लावायचं तू थांबवलं होतंस," ती म्हणाली. "तुझी पूजा त्याने पुरी केली."

कार्ड तिने स्वतः कप्प्यात सरकवलं. दोनदा चुकलं, पण मी मदत केली नाही. सरकल्यावर तिने त्या पानावरून तळहात फिरवला आणि वही मिटली. "त्याला शिक्षा काय केलीस?" तिने विचारलं. मी चौकटीचं सांगितलं. "आणि दिवा लावतात का?" मी म्हटलं, बघावं लागेल. "बघून मला सांग," ती म्हणाली.

ते सांगायची वेळ आली नाही. पुढच्या वसंतात, हंगामाचा पहिला सामना व्हायच्या आधी ती गेली. मी तिच्याकडेच ठेवलेली वही तिच्या उशाशी होती.

आता वही माझ्याकडे आहे. पुरी आहे, आणि मी ती फारशी उघडत नाही. पण भावजींकडे गणपतीला मी दरवर्षी जाते. नवरा म्हणतो, झालं ना आता, कशाला जातेस. मी म्हणते, गणपतीचं दर्शन कोणी चुकवतं का?

या वर्षीही आरतीनंतर सगळे खाली उतरले. दिवा लावलेला होता. काचेवर धुळीचा कण नव्हता. भारतातून नुकतीच शिकायला आलेली एक मुलगी, तिला आमच्यातलं काही माहीत नाही, चौकटीपुढे थांबली. "काका, यात काय होतं?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढली नाही.

"एक बेसबॉलचं कार्ड होतं," ते म्हणाले. "वहिनींचं."

"मग आता?"

"त्यांच्याकडे आहे."

"मग रिकामी फ्रेम कशाला ठेवलीय? ते पण लाइट लावून?"

जिन्यावरून त्यांची बायको मोदकांचं ताट घेऊन उतरत होती. तिने आधी त्या मुलीच्या ताटलीत मोदक वाढला, वर तुपाची धार सोडली.

"काकांना आवडते," ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. मी ताटली पुढे केली आणि दोन मागून घेतले.